लाभ, दोन, तीन

लाभ

घणसोली गावात, मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत शिवाची चार मजली इमारत आहे. खाली चपलांचं दुकान, वर भाड्याच्या खोल्या, त्यावर शिवाचं स्वतःचं घर आणि सगळ्यात वर अभ्यासिका. अभ्यासिकेत अठ्ठेचाळीस खुर्च्या, अठ्ठेचाळीस टेबलं. सगळ्या खुर्च्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. भिंत पांढरी. तिच्यावर घड्याळसुद्धा नाही. पोरांचं लक्ष जातं म्हणून शिवानं ते काढून दारावर लावलं होतं.

ही अभ्यासिका कोंडिबा सांभाळत असे. वय एकाहत्तर. दाणाबाजारात चाळीस वर्षं त्यानं पोती वाहिली. शेवटची बारा वर्षं तो टोळीचा मुकादम होता. पाठ अजून सरळ होती आणि त्याचा त्याला अभिमान होता.

काम सोपं होतं. सकाळी सहाला कुलूप उघडायचं. झाडायचं, पाणी भरायचं. दुपारी एक ते दोन पोरांना जेवायला खाली घालवायचं आणि कुलूप लावायचं. कुलूप लावण्याआधी डोकी मोजायची. हा नियम शिवानं मागच्या वर्षी केला. नमिता नावाची मुलगी दुपारची आत राहून गेली होती. तासाभरानं दार उघडलं तेव्हा ती आपल्या टेबलाशी बसून लिहीत होती. तिनं दार वाजवलं नव्हतं, हाक मारली नव्हती. "आत कुणी नाही असं वाटलंच नाही," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

मोजणी कोंडिबाच्या हातची होती. फलाटावर गाडी लागली की तिच्या मागच्या फळीपाशी, फाळक्याशी तो उभा राही आणि उतरणारं प्रत्येक पोतं मोजी. बारा वर्षांत त्याची मोजणी चुकली नाही. पण मोजायची रीत गावाकडची. खळ्यावर धान्य मापताना त्याचा बाप पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. मग दोन, मग तीन. 'एक' म्हटलं की रास एकटी पडते, असं बाप म्हणायचा. का, ते त्यानं सांगितलं नाही. कोंडिबानंही विचारलं नाही. बापाला कारण विचारायची त्या वेळी पद्धत नव्हती.

म्हणून शिवानं खुर्च्यांवर नंबर घालायला लाल रंग आणून दिला तेव्हा कोंडिबानं पहिल्या खुर्चीच्या पाठीवर अक्षरं काढली, 'लाभ'. पुढं २, ३, ४ असं अठ्ठेचाळीसपर्यंत.

शिवा वर आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"यो काय लिवलंय, कोंडिबा? एक नंबर कुठं हाय?"

"हाय की. त्योच हाय."

"पोरांना कसा कलनार?"

"बसली की कळंल."

शिवा हसला. "बाजार सुटला, पन बाजारातला मानूस काय सुटला नाय." आणि रंग तसाच राहू दिला.

त्या खुर्चीवर कोंडिबाची नात ज्ञानेश्वरी बसू लागली. तिचे आईबाप उरणला. बाप कंटेनरच्या गोदामात. नीटच्या परीक्षेसाठी ती आजाआजीकडे राहत होती. पहिल्या खेपेला तिला मार्क कमी पडले होते. हे दुसरं वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं म्हटलं तर बापाचा धीर राहिला नसता. तिचाही नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

२

परीक्षेला चाळीस दिवस उरले होते. मंगळवार होता. दुपारी कोंडिबा दाराशी उभा राहिला. दार मागच्या बाजूला, त्यामुळे त्याला पोरांच्या पाठी दिसत. वाकलेल्या अठ्ठेचाळीस पाठी. बोट हवेत फिरवत तो पुटपुटत मोजू लागला.

"लाभ, दोन, तीन..."

पंखे फिरत होते. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मोजणी शेवटच्या रांगेला आली.

"...सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस."

"एक," कुणीतरी म्हणालं.

आवाज पुढून आला. स्वच्छ होता. मास्तरांनी हजेरी घ्यावी आणि पोरानं 'हजर' म्हणावं, तसा. एकाही पोरानं मान वर केली नाही.

कोंडिबानं चष्मा पुसला. डोळ्यांचा इथं काही संबंध नव्हता, पण पुसला. मग टाळी वाजवली. "चला, जेवायला."

जिन्यात त्यानं पार्थला गाठलं. पार्थ सतरा नंबरचा, इंजिनीअरिंगच्या परीक्षेला बसलेला, सगळ्यांची टर उडवणारा.

"पार्थ, मघाशी आत कोण बोललं?"

"मी? आजोबा, मी ऑर्गॅनिकमध्ये मेलोय. बोलायला जिवंत तर पाहिजे."

"एक कोण म्हणालं?"

"एक नंबरला जायची परमिशन मागत असेल कोणीतरी," पार्थ म्हणाला आणि मागची दोन पोरं फिस्कन हसली. कोंडिबा हसला नाही. पार्थनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि जरा नरमला. "आईशप्पथ आजोबा, कोणी काय बोललं नाही. मी ऐकलं असतं ना. सतरा नंबर म्हणजे एकदम सेंटरला."

कोंडिबानं स्वतःशी हिशेब मांडला. चाळीस वर्षं गाड्यांचे भोंगे आणि हमालांची ओरड. उजवा कान मंद झालेला. पण मंद कानाला कमी ऐकू येतं. जास्त कसं येईल?

३

दुसऱ्या दिवशी त्यानं मोजायची तऱ्हा बदलली. पोरांना आत मोजायचंच नाही. दारात उभं राहायचं आणि बाहेर पडतील तशी मोजायची. फाळक्याशी पोती मोजावीत, तशी. एक पोतं दोनदा मोजलं जात नाही आणि कुणी खोडी करत असेल तर तो डोळ्यासमोरून जाईल.

सगळ्यांत आधी ज्ञानेश्वरी बाहेर आली. "लाभ," कोंडिबा म्हणाला. ती हसली. मग बाकीची. शेवटचा पोरगा चपला शोधत बाहेर पडला तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस झाला होता. पावलं जिन्यावरून खाली गेली. कोंडिबानं पंखे बंद केले.

खोली रिकामी झाली की तिचा आवाज बदलतो. हे त्याला गोदामामुळं माहीत होतं. माल गेला की गोदाम बोलतं. पाती थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग शांत झालं, आणि त्या शांततेत त्याला बारीक सरसर ऐकू आली.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. फुटक्या पोत्यातून बाजरी सांडते तेव्हा असाच आवाज येतो. थांबत नाही, वाढत नाही. थप्पीत कुठंतरी पोतं फुटलेलं असतं आणि ते कुठलं हे शोधायचं मुकादमाचं काम असतं. सवयीनं तो खाली वाकला. टेबलांखाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. सकाळी त्यानंच पुसली होती.

"एक," कुणीतरी म्हणालं.

कोंडिबा वाकलेलाच राहिला. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठला.

आत कुणी नव्हतं. तो रांगांमधून पुढं गेला. पहिली खुर्ची जरा तिरकी होती. त्यानं बैठकीवर हात ठेवला. ऊन होती. असणारच, त्यानं स्वतःला सांगितलं, पोर आत्ताच उठून गेली आहे. टेबलावर उत्तरं भरायचा कागद होता. प्रत्येक प्रश्नापुढं चार गोळे. त्यांतला एकच काळा करायचा असतो, एवढं त्याला नातीनं शिकवलं होतं. या कागदावर चारही काळे केले होते. प्रत्येक प्रश्नाचे. कागदभर एकही पांढरा गोळा नव्हता.

समोर पांढरी भिंत होती. सरसर तिच्या बाजूनं येत होती.

पलीकडं दुसऱ्याची इमारत आहे, कोंडिबानं मनाशी म्हटलं. तिथं कुणी वाळू चाळत असेल. त्यानं कुलूप लावलं आणि खाली जाऊन गल्लीला वळसा घातला. पलीकडं इमारत नव्हती. मोकळी जागा होती. वेलींनी भरलेली जुनी विहीर आणि वर आभाळ.

४

माथाडींच्या वसाहतीत कोंडिबाची दोन खोल्यांची जागा. संध्याकाळी रंगूबाई भाकरी थापत होती आणि ज्ञानेश्वरी टोपल्यातल्या भाकरी बोटानं मोजत होती. लहानपणी आज्याच्या मांडीवर बसून ती आकडे शिकली होती. ती रीत सुटली नव्हती. शाळेत बाईंनी त्यासाठी तिला एकदा बाकावर उभं केलं होतं.

"लाभ, दोन, तीन, चार. आज्जे, बास झाल्या."

"बास कशा? तुझ्या दोन धर."

"मला अर्धी पुरे."

रंगूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "ऐकताय न्हवं? पोर वाळून चाललीया. आन तुमी नुसतं इचारताय, मार्क किती, मार्क किती."

"मग काय इचारू?"

"जेवलीस का, इतकं तरी इचारा. पोरगी हाय ती, गाडीचा बैल न्हाई."

ज्ञानेश्वरी हसली. "आबा, कालच्या टेस्टला सहाशे बारा."

मागच्या महिन्यात पाचशे नव्वद होते. त्याआधी पाचशे बारा. शाबास म्हणायची त्याला सवय नव्हती. "अजून हायेत वर," तो म्हणाला. "पैला नंबर आला पायजे. माझ्या पाठीवर पोती गेली. तुझ्या पाठीवर पांढरा कोट चढला पायजे."

"चढेल."

मग त्यानं काळ्या गोळ्यांचा घडी केलेला कागद खिशातून काढून तिच्यापुढं धरला. "ह्ये काय?"

तिनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हात बसायला भरते मी. टाइम वाचतो." पण ती कागदाकडं जशी बघत होती, तसं माणूस आपल्या अक्षराकडं बघत नाही.

थोड्या वेळानं, भाकरीचा पापुद्रा सोलता सोलता ती म्हणाली, "आबा, तुम्ही मोजता ना, तर भिंतीपर्यंतच का मोजता?"

"मग कुठवर मोजू?"

"पुढं पण बसलेत की."

रंगूबाईचा हात तव्यावर थांबला. भाकरीला करपट वास लागला.

"चेष्टा केली, आज्जे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "भाकरी उलट."

५

एप्रिल सरत आला. दुपारचा 'एक' रोज येत होता. कोंडिबा रोज पोरं बाहेर काढी, दारात मोजी, पंखे बंद करी आणि थांबे. भीती वाटायची. पण थांबल्याशिवाय राहवायचंही नाही. तो आवाज वाईट नव्हता. त्यात राग नव्हता, मागणं नव्हतं. मोठ्या धरणाच्या भिंतीखाली उभं राहिलं की पाणी दिसत नाही, पण आहे हे पाठीला कळतं. तसं काहीतरी त्या भिंतीमागं होतं आणि एका शब्दापुरतं झिरपत होतं.

आता त्याला नीट ऐकू येत होतं आणि त्यामुळं जास्तच चमत्कारिक वाटत होतं. तो आवाज एका माणसाचा नव्हता. पुष्कळांनी मिळून म्हटल्यासारखा होता. इतक्या पुष्कळांनी, की तो एकाचा वाटावा.

एकदा पार्थ पाणी प्यायला बाहेर आला आणि कोंडिबाशेजारी रेंगाळला.

"आजोबा, राग नका मानू. ज्ञानेश्वरी पान उलटत नाही."

"म्हंजे?"

"पुस्तक उघडं असतं, पण एकच पान. सकाळपासून. ती भिंतीकडं बघते. आणि टेस्टला सगळ्यांच्या वर. मी पण ट्राय केलं, भिंतीकडं बघायचं." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मला झोप आली फक्त. तुम्ही तिची खुर्ची बदला ना. तिला तिथून हलवा."

त्या संध्याकाळी कोंडिबा नातीला म्हणाला, "उद्यापासनं मागं बस. वीस नंबरला."

तिनं नाही म्हटलं नाही. वही उघडून त्याच्यापुढं धरली. सहाशे चाळीस. सहाशे अठ्ठावन्न. सहाशे सत्तर. "तिथं बसलं की येतं, आबा," ती म्हणाली. "दुसरीकडं बसले आणि नाही आलं तर?"

कोंडिबानं आकडे पाहिले. टोळीतल्या चाळीस माणसांनी त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. इथं तो उठ म्हणाला असता तर पोर उठली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आठ दिवस ऱ्हायलेत," तो म्हणाला. "बस तिथंच."

रंगूबाई ताट उचलून मोरीकडं गेली. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी बोलली नाही.

६

परीक्षेच्या आदला दिवस, शनिवार. दुपारी कोंडिबा दारात उभा राहिला. पहिल्यांदा सतरा नंबर बाहेर आला. "लाभ," कोंडिबा म्हणाला. ज्ञानेश्वरी मागून येईल, असं त्यानं धरलं. पोरं गेली. मोजणी सत्तेचाळीसवर थांबली.

त्यानं जिन्यात पाहिलं. खाली हाक मारली. "सगळे आलो, आजोबा," पार्थचा आवाज आला. मग तो आत वळला.

पहिल्या टेबलावर तिची बॅग होती. पुस्तक उघडं होतं. पेनाचं टोपण निघालेलं. खुर्ची रिकामी. त्यानं संडास पाहिला, टेबलांखाली पाहिलं, खिडक्यांच्या जाळ्या हातानं हलवून पाहिल्या. मग पंखे बंद केले. सरसर आज मोठी होती.

कोंडिबा पुढं गेला आणि 'लाभ'वर बसला. ही खुर्ची त्यानंच रंगवली होती. तिच्यावर तो कधी बसला नव्हता.

नजर भिंतीवर टेकायला गेली आणि टेकली नाही. पुढं गेली.

पुढं पाठी होत्या.

त्यानं गोदामं पाहिली होती. छताला टेकलेल्या थप्प्या पाहिल्या होत्या, ज्यांच्यापुढं नवी पोरं घाबरून उभी राहतात. पण थप्पीला शेवटची रांग असते. इथं नव्हती. खुर्चीमागं खुर्ची, टेबलामागं टेबल, आणि प्रत्येक टेबलावर वाकलेली पाठ. वेण्या, कापलेले केस, ओढण्या, चष्म्याच्या दांड्या, घामानं ओले झालेले शर्ट. रांगा लांब जात होत्या, बारीक होत होत्या, आणि जिथं माणसाच्या नजरेनं थांबावं तिथंही त्या थांबत नव्हत्या. वर छप्पर होतं की आभाळ, ते त्याला सांगता आलं नसतं. प्रत्येक हात गोळे काळे करत होता. बाजरीची ती सरसर ही होती. इतक्या हातांची.

कोंडिबाचे हात आपोआप जोडले गेले.

मग ते बोलले. सगळे एकदम नाही. वारा शेतावरून जावा तसा तो शब्द लांबून जवळ आला, आणि प्रत्येकानं आपल्यापुरता, मान वर न करता, तो म्हटला. एक. एक. एक. कुणी शेजारच्याकडं पाहत नव्हतं. इतक्या लाखांत कुणीही दोन म्हणत नव्हतं.

किती वेळ गेला, कळलं नाही. मग त्याला आपण कशाला बसलो ते आठवलं.

"ज्ञानेश्वरी!" त्यानं हाक मारली.

दूरवर कितीतरी वेण्या हलल्या. कितीतरी माना किंचित वळल्या आणि पुन्हा खाली झाल्या. बॅग वाहून तिचा डावा खांदा उतरला होता. त्या खुणेनं तो शोधू लागला. डावा खांदा उतरलेल्या हजार पाठी होत्या. दारावरच्या घड्याळाचा काटा त्याला ऐकू येत होता. दोनला पोरं परत येणार होती. उद्या दोनला पेपर होता.

"आगं, ये की!" तो ओरडला. "ज्ञाना! आबा हाय!"

काही नाही. इथं नावं चालत नव्हती. इथं एकच शब्द चालत होता. आणि कोंडिबा, ज्यानं उभ्या जन्मात मापाला तो शब्द लावला नव्हता, उभा राहिला आणि छाती फाटेल एवढ्यानं म्हणाला,

"एक!"

सरसर थांबली.

फार लांब एक मुलगी उठली. रांगांमधून ती येऊ लागली. घाई न करता, कुणाला धक्का न लावता. येता येता मोठी झाली. निळा कुर्ता. कानामागचा तीळ. कोंडिबाचे डोळे भरले आणि सगळं धूसर झालं. पुसले तेव्हा समोर भिंत होती आणि ती त्याच्याशेजारी उभी राहून बॅगेची चेन लावत होती.

"चला आबा," ती म्हणाली. "उशीर होईल."

त्यानं तिचा हात धरला. ऊन होता.

७

पेपर चांगला गेला. ती पोटभर जेवू लागली. दोन भाकरी, वर भात. रात्री शांत झोपे. रंगूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि नवऱ्याशी पुन्हा बोलू लागली. अभ्यासिका शिवानं रंगरंगोटीसाठी महिनाभर बंद ठेवली. कोंडिबा दुपारचा देवळासमोरच्या पिंपळाखालच्या बाकावर बसे आणि कान देऊन काही ऐकू येतं का बघे. गाड्यांशिवाय काही ऐकू येत नसे. त्यानं स्वतःला समजावलं होतं. म्हातारपण, उन्हाळा, काळजी. सगळ्याला कारण सापडतं.

जूनमध्ये निकाल लागला. सातशे वीसपैकी सहाशे एक्क्याऐंशी.

उरणहून तिचे आईबाप आले. वसाहतीतले जुने सोबती आले. टोळीतला नामा, आता काठी टेकत चालणारा, कोंडिबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मुकादम, आता आमची गुडघं फुकाट बघायची हां डाक्टरीन बाईनं!" कोंडिबा हसला. लोकांदेखत तो हसला, हे नामानं नंतर चौघांना सांगितलं.

माणसं गेल्यावर ज्ञानेश्वरी शेजारी वाटायला डब्यात पेढे भरायला बसली. पाठ ताठ होती. डावा खांदा उजव्याच्या रेषेत आला होता. आता बॅग वाहायची नाही म्हणून असेल, असं कोंडिबाला वाटलं. रंगूबाई जवळच लसूण सोलत होती.

मुलगी पेढा उचलून डब्यात ठेवत होती.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. चार."

रंगूबाईच्या हातातली पाकळी खाली पडली. ती तिनं उचलली नाही.

"पाच. सहा."

म्हाताऱ्यानं म्हातारीकडं पाहिलं.

"आवं," ती हळूच म्हणाली, "ऐकलं का?"

"ऐकलं."

मुलगी वर बघून हसली. गोड हसली. तीळ जागच्या जागी होता. "काय झालं, आबा?"

"काय न्हाई," कोंडिबा म्हणाला. "भर तू." आणि खुंटीवरची टोपी घेऊन बाहेर पडला.

८

शिवा खाली दुकानाच्या पायरीवर बसला होता. कोंडिबाला बघून उठला.

"या या, डाक्टरनीचं आजोबा! वर जाऊन बघा, सगला नवीन केला. खुर्च्यांना स्टिकर लावलेत. तुमचा लाभ गेला आता, कोंडिबा. एक आला."

कोंडिबानं हात पुढं केला. शिवानं किल्ली दिली. त्याच्या तोंडाकडं बघून पुढची चेष्टा गिळली.

दुपारचे सव्वा वाजले होते. खोलीला नव्या रंगाचा वास होता. पोरं सोमवारी यायची होती. पहिल्या खुर्चीच्या पाठीवर चकचकीत स्टिकर होता. 1. कोंडिबानं नखानं त्याचं टोक उचललं आणि सोलत गेला. खाली त्याचा लाल रंग तसाच होता. लाभ.

मग तो दाराशी गेला. समोर अठ्ठेचाळीस रिकाम्या खुर्च्या. नसलेल्या मालाची मोजणी त्यानं जन्मात केली नव्हती. त्यानं बोट उचललं.

"लाभ. दोन. तीन."

आवाज घुमत होता. तो थांबला नाही. अठ्ठेचाळीस म्हणाला आणि वाट बघू लागला.

एक आला नाही.

सरसर मात्र होती. बारीक, एकसारखी. कोंडिबा दोन खुर्च्या पुढं सरकला. डावा कान भिंतीकडं केला. श्वास धरला. इतकं लांबून काही येत असेल तर ते यायला वेळ लागतो.

आणि ते आलं. लहान, दमलेलं, पण नीट उच्चारलेलं. त्याच्या मांडीवर बसून शिकलेलं.

"लाभ."

कोंडिबानं खुर्चीची पाठ धरली.

आवाज थांबला होता. मग पुन्हा आला, जरा बाजूनं, जणू बोलणारं माणूस एका टेबलापासून पुढच्या टेबलाकडं गेलं होतं.

"दोन."

तिथं आजवर कुणी दोन म्हटलं नव्हतं. त्याची ज्ञानेश्वरी मोजत होती. उठून, रांगेतून चालत, प्रत्येक वाकलेल्या पाठीवर बोट ठेवत, आज्याच्या रीतीनं, ती त्या सगळ्यांना मोजायला लागली होती. शेवट नसलेल्या थप्पीची मोजणी. आणि तिला फाळक्याशी उभं राहायला कुणी नव्हतं.

"तीन," आवाज आला. आणि थांबला. कुणीतरी पुढचा आकडा म्हणेल म्हणून थांबतात, तसा.

कोंडिबानं दार आतून लावलं. टोपी सारखी केली. पहिली खुर्ची ओढली, बसला, पाठ ताठ केली आणि तोंड भिंतीकडं केलं.

"चार," तो म्हणाला.